चोवीस तास वाळू द्या

जाहिरातीतली बाई अनवाणी आहे.
पांढऱ्याशुभ्र गालिच्यावर ती एका बोटाने यंत्र ढकलते
आणि ते असं पळतं,
जणू त्या घरात कुणी राहतच नाही.

आमच्या घरात राहतात.
हडर्सफील्डच्या चढावर, रांगेतलं चौथं, काळवंडल्या दगडाचं घर.
जिन्याला तेरा पायऱ्या, तेराही गालिच्याने मढवलेल्या.
रंग विचारू नका,
विकणारा 'बिस्किट' म्हणाला होता.

कुंदा म्हणाली, पिशव्यांचा खर्च वाचेल.
मी म्हणालो, नाव सोनूबाई.
ती म्हणाली, ओढ कधीच कमी होत नाही, लिहिलंय तसं.
मी म्हणालो, लिहिणाऱ्याने कधी जिना झाडलाय?
तीन आठवडे हेच.
मग सेल लागला.
वाद मिटला नाही, आम्ही तो हप्त्याने विकत घेतला.

पिशवीचं एक बरं होतं. झाकली मूठ.
इथे पारदर्शक डबा, आणि त्यात
आपलंच सगळं गरगर फिरताना बघायचं:
कढीपत्त्याचं वाळकं पान, तिची हरवलेली टिकली,
माझे केस, मोजता येतील इतके,
आणि पांढरट, आखूड, ताठ अशी
कसली तरी लव.
ती आमची नव्हती.
आम्ही साधं मांजरही पाळलेलं नाही.
दुसऱ्या दिवशीही तीच. तिसऱ्या दिवशी जास्त.

जाहिरातीत बटण दाबलं की कचरा
शहाण्या मुलासारखा खाली उतरतो.
मागच्या अंगणात मी बटण दाबलं
तेव्हा वारा होता. इथे असतोच.
निम्मा कचरा माझ्या स्वेटरवर आला.

'सांगितलं होतं ना,' कुंपणापलीकडून मिसेस ओल्डरॉइड.
वय एक्याऐंशी. त्यांच्याकडे पिशवीचं यंत्र आहे,
नवरा होता तेव्हापासूनचं; नवरा गेला, पट्टा दोनदा बदलला.
मग त्यांनी उरलेल्या डब्यात वाकून पाहिलं.
चष्मा कपाळावर सारला.
'अरे, ही तर बेस.'

आमच्या आधीच्या हॅरल्डची कुत्री.
जाऊन अकरा वर्षं झाली म्हणे.
तिसऱ्या पायरीवर बसायची, पोस्टमनची वाट बघत,
प्रेमाने नव्हे, चावायला.

म्हणजे एवढं खरं: गालिच्याच्या मुळाशी जातं.
कुंदाने ते दिवसभरात चारदा म्हणून दाखवलं.
लक्ष्मीपूजनाला केरसुणीशेजारी तेही उभं केलं,
मुठीला हळदकुंकू लावलं.

चौथ्या महिन्यात ओढ गेली.
साध्या तांदळावरून तीनदा फिरवा, तांदूळ तिथेच.
पुस्तिकेचं पान सतरा, मुंगीएवढी अक्षरं:
फिल्टर दरमहा धुवा. चोवीस तास वाळू द्या.

चोवीस तास!
हडर्सफील्डमध्ये नोव्हेंबरात
चोवीस तासांत माणसाची छत्री वाळत नाही.
फोनवरचा मुलगा नम्र होता.
फिल्टर पूर्ण वाळला होता का, सर?
फोटो पाहून म्हणाला, मुठीवर हा लाल डाग कसला?
मी म्हणालो, पूजेचा.
तो थोडा थांबला. टाइप करत असावा.
वॉरंटीच्या कुठल्या खान्यात त्याने ते बसवलं, देव जाणे.

आज तिसरा दिवस. फिल्टर रेडिएटरवर,
शेजारी माझे मोजे.
मी मिसेस ओल्डरॉइडकडे यंत्र मागायला जायचं ठरवतो
आणि कुंदाच्या तोंडाकडे बघून रद्द करतो.
ती हातात ब्रश घेऊन जिना उतरतेय,
वरून खाली, एकेक पायरी.
तिसरीपाशी येते, नुसता हात फिरवते,
आणि दुसरीवर ब्रश टेकते.

मी काही बोलत नाही.
फिल्टर चाचपून बघतो.
अजून ओलाच आहे.